एक कोटीचं दार आणि आपली दहा लाखांची पुंजी

(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय दिला तो असा, की मोठमोठ्या संस्थांना जिथे पैसे गुंतवता येतात त्या खासगी बाजारात सामान्य माणसाला कसं शिरता येतं. हल्ली अशा कंपन्या निघाल्या आहेत की त्या तुमचा पैसा घेतात, पंधरा-वीस वेगवेगळ्या फंड व्यवस्थापकांकडे वाटतात आणि म्हणतात, चला, आता तुम्हीही आत आलात. हे काय प्रकरण आहे ते सांगा, असा हुकूम झाला.

आधी आमची ओळख. आम्ही राज्य सरकारच्या एका अभियांत्रिकी खात्यात असिस्टंट इंजिनियर. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा. सेबीकडे नोंदणी झालेले सल्लागार आम्ही नव्हे, त्यामुळे अमुक घ्या, तमुक विका असं एकही वाक्य आमच्या तोंडून येणार नाही. मग बोलायचं तरी कशाला? कारण आमच्या खात्यातून दरवर्षी चार-पाच जण निवृत्त होतात. आयुष्यभर महिन्याच्या पगारावर जगलेल्या माणसाच्या खात्यात एकदम जीपीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा, कम्युटेशन असं सगळं जमा होतं, आणि त्याच आठवड्यात फोन सुरू होतात. हे फोन करणाऱ्यांना बातमी कुठून लागते हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही.

अशाच एका निवृत्त सहकाऱ्यासमोर आलेला प्रस्ताव तुम्हाला सांगतो. नाव-गाव कोणाचंच घेत नाही. प्रस्ताव असा: एक एआयएफ आहे, त्यात कमीत कमी एक कोटी लागतात. तुमच्याकडे एक कोटी नाहीत, आमच्याकडेही नाहीत. पण आपण दहा जण दहा-दहा लाख काढू, एकाच्या नावावर घेऊ, बाकीच्या नऊ जणांना शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ. बड्यांचा खेळ आपणही खेळू. सहकारी आम्हाला म्हणाले, "तुम्ही जरा आकडे बघता, यात खोट काय ते सांगा." त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, जे विचारलं, तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

खासगी बाजार म्हणजे फार गूढ काही नाही. ज्या कंपन्यांचे शेअर मुंबईच्या बाजारात रोज विकले जात नाहीत, त्यांच्यात घातलेलं भांडवल. अशा कंपन्यांना दिलेलं कर्ज. इमारती, रस्ते, वीजवाहिन्या यांत घातलेला पैसा. इथे रोजचा भाव नसतो. विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक शोधावं लागतं, त्याला महिने लागतात. या गैरसोयीची भरपाई म्हणून परतावा जास्त मिळावा अशी अपेक्षा असते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा निधी डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ पासून २०२१ साली त्यांचं निधन होईपर्यंत सांभाळला, आणि खासगी बाजारात मोठा हिस्सा घालून तो नावारूपाला आणला. जगभरच्या विद्यापीठांनी, पेन्शन फंडांनी त्यांची नक्कल केली. गंमत अशी की याच स्वेन्सननी २००५ साली सामान्य गुंतवणूकदारांसाठी पुस्तक लिहिलं, आणि त्यात सल्ला दिला तो साध्या, स्वस्त इंडेक्स फंडांचा. आम्ही केलं ते तुम्ही करू नका, कारण आमच्यासारखी माणसं आणि आमच्यासारखं दार तुमच्याकडे नाही, असा त्याचा एकूण रोख. खासगी बाजाराची जाहिरात करणाऱ्या एकाही पत्रकात हा दुसरा भाग छापलेला आम्ही पाहिला नाही.

तर, ते दार आम्ही उघडून देतो असं म्हणणाऱ्या कंपन्या म्हणजे या अनेक-व्यवस्थापकी कंपन्या. अमेरिकेत हॅमिल्टन लेन, स्टेपस्टोन, हार्बरव्हेस्ट ही त्यातली मोठी नावं. या कंपन्या बहुतांशी स्वतः कारखाना विकत घेत नाहीत. कारखाने विकत घेणारे जे शेकडो व्यवस्थापक आहेत, त्यांतले चांगले कोण हे पारखायचं आणि त्यांच्यात पैसा वाटायचा, हा त्यांचा मूळ धंदा. पूर्वी गिऱ्हाईक म्हणजे पेन्शन फंड आणि विमा कंपन्या. आता त्यांनी थोड्या रकमेचे, कायम उघडे राहणारे फंड काढले आहेत आणि गिऱ्हाईक म्हणून डॉक्टर, वकील, निवृत्त शिक्षक चालतात.

यात तथ्य नाही असं मुळीच नाही. शेअर बाजारातल्या दोन म्युच्युअल फंडांत उन्नीस-बीसचा फरक असतो. खासगी बाजारात चांगल्या आणि सुमार व्यवस्थापकातला फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो, आणि चांगल्याच्या दाराशी रांग लागलेली असते. एकट्याने एकच व्यवस्थापक निवडला आणि तो सुमार निघाला तर आठ-दहा वर्षं पैसा अडकला. पंधरा जणांत वाटला तर दोन-तीन सुमार निघाले तरी बाकीचे सांभाळून घेतात. शिवाय वेगवेगळ्या वर्षी सुरू झालेले फंड हाताशी असल्यामुळे एखाद्या महागड्या वर्षात सगळा पैसा गुंतला असंही होत नाही. हे खरे फायदे आहेत.

आणि मंडळी, अनेक व्यवस्थापकांची ही व्यवस्था आपल्याला अनोळखी नाही. आमच्यासारखे १ सप्टेंबर २००४ नंतर नोकरीत लागलेले सगळे सीपीएसमध्ये आहेत. पगारातून दहा टक्के जातात, सरकार तेवढेच घालतं. जुनी पेन्शन गेली याचं दुःख आहे, आमच्या युनियनचं त्यावर म्हणणं आहे, तो विषय आज नाही. पण तो पैसा जातो कुठे? ठरलेल्या मार्गाने एसबीआय, यूटीआय आणि एलआयसी अशा तीन पेन्शन फंडांत वाटला जातो. म्हणजे तीन व्यवस्थापक. मालमत्ता एनपीएस ट्रस्टच्या नावावर, हिशेब ठेवणारी एजन्सी वेगळी, रोखे सांभाळणारा कस्टोडियन वेगळा. या तीन फंडांचा व्यवस्थापनाचा दर शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांच्याही आत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे आकडे ऐकताना तुम्हाला हे दहा पैसे आठवणार आहेत.

आमच्या खात्यात एखादं काम मोठ्या कंत्राटदाराला मिळतं. तो ते पोटकंत्राटदाराला देतो, पोटकंत्राटदार आणखी खाली देतो. शेवटी खडी टाकणाऱ्याच्या हातात जे पडतं ते आणि टेंडरमधला आकडा यांची भेट होत नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी काहीतरी काम करतो हे मान्य. पण प्रत्येक पायरीवर टक्केवारी कापली जाते हेही तितकंच खरं. फंडांच्या फंडाचं तसंच आहे.

ढोबळ हिशेब करू. समजा, खाली ज्या कंपन्या विकत घेतल्या त्यांनी वर्षाला १५ टक्के कमावले. एक लाखाचे आठ वर्षांत ३ लाख ६ हजार होतात. आता पहिली पायरी, म्हणजे मूळ फंड. त्याची जगभरची रूढ फी वर्षाला दोन टक्के आणि वर नफ्यात वीस टक्के वाटा. दोन टक्के गेले की उरतात तेरा, त्याने एक लाखाचे २ लाख ६६ हजार होतात, त्यातल्या नफ्याचा पाचवा हिस्सा गेला की उरतात सुमारे २ लाख ३३ हजार. दुसरी पायरी, म्हणजे निवड करणारी कंपनी. तिचे वर्षाला एक टक्का आणि नफ्यात दहा टक्के धरा. तुमच्या हातात येतात सुमारे २ लाख ५ हजार. म्हणजे खाली १५ टक्के पिकले आणि तुमच्या घरी आले सव्वानऊ-साडेनऊ. यात जीएसटी धरला नाही, विकणाऱ्याची दलाली धरली नाही, तुमचा कर धरला नाही. प्रत्येक फंडाच्या अटी वेगळ्या असतात, कोणी कमी घेतो, कोणी ठरावीक परतावा दिल्याशिवाय नफ्यातला वाटा घेत नाही. पण कागद हातात आला की हे गणित त्याच आकड्यांनी करून बघा. पाठच्या पानावर बारीक अक्षरांत सगळं असतं. एक वाक्य मुद्दाम शोधा: फी गुंतवलेल्या रकमेवर आहे की कबूल केलेल्या रकमेवर? पैसा अजून तुमच्या बँकेतच आहे आणि त्यावर फी सुरू झाली, असंही घडतं.

फी तरी कागदावर दिसते. न दिसणारी गोष्ट म्हणजे भाव. शेअरचा भाव रोज बाजार ठरवतो, खासगी मालाचा भाव कोणीतरी कागदावर लिहितो. आमच्याकडे बिल काढायचं तर मोजमाप पुस्तक लागतं. एमबी म्हणतो आम्ही. ती नोंद कंत्राटदार करत नाही, खात्याचा इंजिनियर साइटवर जाऊन टेप लावून करतो, आणि वरचा अधिकारी ती तपासतो. कंत्राटदाराच्या हातात एमबी दिली तर रस्ता कागदावर किती किलोमीटर वाढेल याची कल्पना करा. तेव्हा कुठल्याही अशा फंडाबद्दल पहिला प्रश्न हाच, की एमबी कोण लिहितो? आपल्याकडे एआयएफच्या बाबतीत सेबीने पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या फंडांना स्वतंत्र मूल्यांकनकाराकडून साधारणपणे दर सहा महिन्यांनी मूल्यांकन करून घ्यायला लावलं आहे, ते याचसाठी. परदेशातल्या कायम उघड्या फंडांत एक चलाखी चालते. दुसऱ्या कोणाचा जुना हिस्सा सवलतीत विकत घ्यायचा, समजा शंभराचा ऐंशीला, आणि दुसऱ्या दिवशी तो पुस्तकात शंभराला लिहायचा. एका रात्रीत वीस रुपये नफा. नियमाने चालतं, लपवलेलंही नसतं. पण त्या नफ्यावर फी कापली जाते, आणि तो माल शंभराला खरंच विकला जाईल का ते पुढे कळतं.

भावाचा प्रश्न दाराशी जोडलेला आहे. आत जायचं दार सगळे दाखवतात. बाहेर यायचं दार कधी उघडतं, किती उघडतं, हे विचारावं लागतं.

इथे साठीच्या पुढची जी मंडळी बसली आहेत त्यांना यूएस-६४ आठवत असेल. युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना, दहा रुपयांचं युनिट. लग्नात आहेर म्हणून युनिटं दिली जायची. बाजाराची गुंतागुंत न कळणाऱ्या लाखो घरांना बाजारात नेणारी आपल्या देशातली पहिली मोठी व्यवस्था हीच. तिचा खरेदी-विक्रीचा भाव मात्र हातातल्या मालमत्तेच्या किमतीवरून निघत नव्हता, संस्था तो जाहीर करायची. वर्षानुवर्षं थोडाथोडा वाढवत न्यायचा आणि भरघोस लाभांश द्यायचा. ज्यांना आतली किंमत कळत होती त्या बड्या कंपन्या वेळेत बाहेर पडल्या. जुलै २००१ मध्ये जाहीर भाव चौदा रुपयांच्या वर असताना युनिट ट्रस्टने फेरखरेदीच थांबवली. दार बंद. नंतर छोट्या लोकांसाठी तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपयांपासून सुरुवात करून दरमहा दहा पैशांनी वाढणारा भाव दिला, आणि पुढे २००३ साली सरकारने पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखे दिले. सरकार मागे होतं म्हणून लोक निभावले. तेव्हा कागदावर लिहिलेला भाव आणि एकाच वेळी बाहेर पडणारी गर्दी यांची गाठ पडली की काय होतं, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही.

तिथेही झालंच. ब्लॅकस्टोनचा बीरीट नावाचा, बाजारात नोंद नसलेला मालमत्ता फंड श्रीमंत व्यक्तींना विकला गेला होता. अट स्पष्ट होती: महिन्याला एकूण निधीच्या दोन टक्के आणि तिमाहीला पाच टक्के, यापेक्षा जास्त परत देणार नाही. २०२२ च्या शेवटी मागणी त्याच्या वर गेली आणि कंपनीने अट लावली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा सगळ्यांची पूर्ण मागणी भागवली गेली. कोणी बुडालं नाही, फसवणूकही नव्हती. पण मधल्या सव्वा वर्षात ज्याला आजारपणासाठी सगळी रक्कम हवी होती त्याला ती तुकड्यातुकड्याने घ्यावी लागली. आमच्या मते अशी अट वाईट नाही; अट नसती तर घाईघाईत इमारती मातीमोलाने विकाव्या लागल्या असत्या. विकणारा ती अट कोणत्या आवाजात सांगतो, प्रश्न तिथे आहे.

आता आपल्या देशात काय आहे? सेबीने २०१२ साली एआयएफचे नियम केले. किमान गुंतवणूक एक कोटी, एका योजनेत जास्तीत जास्त एक हजार गुंतवणूकदार. खासगी कंपन्यांत पैसा घालणारे पहिल्या-दुसऱ्या वर्गातले फंड बंद मुदतीचे, किमान तीन वर्षांचे. प्रत्यक्षात सात-आठ वर्षं धरून चाला. व्यवस्थापकाने किंवा प्रायोजकाने स्वतःचाही पैसा घालायचा, निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी, यांतलं जे कमी असेल ते. हा नियम आम्हाला फार आवडतो. कंत्राटदाराची अनामत रक्कम असते तसं हे. आपल्याकडे फंडांचे फंडही आहेत. त्यातलं एक मोठं उदाहरण सरकारचंच आहे: २०१६ साली स्टार्टअपसाठी दहा हजार कोटींचा निधी जाहीर झाला, तो सिडबी सांभाळते, आणि सिडबी स्टार्टअपला थेट पैसा न देता सेबीकडे नोंदलेल्या एआयएफना देते. म्हणजे सरकारनेही स्वतः न निवडता निवडणाऱ्यांची निवड केली. पण त्यात तुम्हाआम्हाला जागा नाही. म्युच्युअल फंडाच्या मार्गाने जाऊ म्हटलं तर तिथे सेबीने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्टच केलं, की म्युच्युअल फंडांनी आयपीओच्या आधीच्या खासगी विक्रीत जायचं नाही, शेअर बाजारात न आलेला कागद त्यांच्या हातात अडकून पडू नये म्हणून.

थोडक्यात, परदेशात जे दार छोट्या माणसाला उघडून दिलं जातंय ते आपल्या नियामकाने अजून किलकिलंच ठेवलं आहे. यावर चिडणारे लोक आहेत. श्रीमंतांना एक न्याय आणि आम्हाला दुसरा का, असं ते म्हणतात. आम्हाला स्वतःला त्या रागात अर्धंच तथ्य दिसतं. एक कोटी ही अक्कल मोजायची पट्टी नव्हे, हे खरं. पण एक कोटी बुडाले तरी ज्याच्या घरातली चूल पेटायची थांबत नाही, अशांपुरतं हे दार ठेवावं, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे.

अडचण अशी की समोरचं दार किलकिलं असलं की मागच्या बाजूने भिंतीला भोकं पडतात. हैदराबादमध्ये आपण ती पाहिली.

फाल्कनचं प्रकरण फेब्रुवारी २०२५ मध्ये सायबराबाद पोलिसांकडे आलं. अॅपवर दाखवायचे ते असं: नामांकित कंपन्यांनी पुरवठादारांचे पैसे द्यायचे आहेत, ती बिलं तुम्ही सवलतीत विकत घ्या, ४५ ते १८० दिवसांत २२ टक्क्यांपर्यंतच्या दराने परत मिळतील. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सुमारे सात हजार लोकांकडून १७०० कोटी गोळा झाले आणि साडेआठशे कोटींच्या आसपास परत गेले नाहीत. बिलं बनावट होती, जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशांतून भागवले जात होते. मार्च २०२५ मध्ये ईडीने शमशाबाद विमानतळावर या प्रकरणातलं एक खासगी विमान जप्त केलं, ते तुम्ही वाचलं असेल. प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर अधिक बोलत नाही. पण एक गोष्ट तेव्हाही कोणालाही तपासता आली असती. बिलं सवलतीत घ्यायचा अधिकृत बाजार आपल्याकडे आहे, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारा. ट्रेड्स म्हणतात त्याला. तिथे खरेदी करतात बँका आणि वित्तसंस्था. व्यक्तीला तिथे बिल विकत घेता येत नाही. जिथे बँका रांगेत उभ्या आहेत तो सुरक्षित माल सोडून नामांकित कंपनीचं बिल बावीस टक्क्यांना माझ्यापर्यंत, सुलतान बाजारातल्या पेन्शनरापर्यंत, का पोचावं? इतका एक प्रश्न.

दुसरं भोक म्हणजे आयपीओच्या आधीचे शेअर. फोनवर विकले जातात, व्हॉट्सअॅपवर भाव येतो. एचडीबी फायनान्शियलचा शेअर असाच बाराशेच्या आसपास विकला जात होता. जून २०२५ मध्ये आयपीओ आला तो ७०० ते ७४० रुपयांना. २ जुलैला बाजारात आला तेव्हा आयपीओवाल्यांना ८३५ चा भाव मिळाला, ते खूश. त्याआधी "आतून" घेतलेल्यांना मात्र जवळपास तिसरा हिस्सा गमवावा लागला. कंपनी खरी, शेअर खरे, डिमॅटमध्ये आलेले. फसवणूक कोणीच केली नाही. भाव मात्र कोणीतरी व्हॉट्सअॅपवर लिहिलेला होता. एमबी कंत्राटदाराच्या हातात, ती अशी.

सगळंच काळं आहे असं वाटू नये म्हणून एक उघडं दारही सांगतो. हायटेक सिटीकडे जाताना माधापूरचा माइंडस्पेस परिसर लागतो. त्या काचेच्या इमारतींचं भाडं पूर्वी मालकालाच मिळायचं. ऑगस्ट २०२० मध्ये माइंडस्पेस रीट शेअर बाजारात आला, २७५ रुपयांना एक युनिट. तेव्हा कमीत कमी दोनशे युनिटं, म्हणजे ५५ हजार रुपये लागायचे; नंतर सेबीने नियम बदलला आणि आता एक युनिटही घेता येतं. नियमानुसार रीटची ऐंशी टक्के मालमत्ता तयार, भाडं देणारी हवी, आणि वाटण्याजोग्या रकमेतले किमान नव्वद टक्के वाटून टाकायचे. भाव रोज बाजारात ठरतो, कधी पडतोही. घ्या असं आम्ही म्हणत नाही. खासगी माल छोट्या माणसापर्यंत सचोटीने आणायचा तर तो कसा आणता येतो, याचा हा नमुना आहे: मोजमाप वेगळ्याने केलेलं, माल विश्वस्तांच्या ताब्यात, आणि बाहेर यायचं दार रोज उघडं.

आता त्या दहा जणांच्या प्रस्तावाकडे येतो.

पहिली गोष्ट, नियम बनवणाऱ्यांना ही युक्ती आधीच सुचलेली आहे. एआयएफमध्ये संयुक्त गुंतवणूक चालते, पण कोणाकोणाची? नवरा-बायको, आई-वडील आणि मूल, इतकीच नाती, आणि जास्तीत जास्त दोन माणसं. दहा मित्र त्यात बसत नाहीत. म्हणून ते एकाच्या नावावर घ्यायचं. म्हणजे फंडाच्या लेखी गुंतवणूकदार एकच. बाकीच्या नऊ जणांना फंड ओळखत नाही, सेबी ओळखत नाही, तक्रार करायची तर कोणाच्या नावाने करणार?

दुसरी गोष्ट, त्या एकाचं उद्या काही बरंवाईट झालं तर युनिटं त्याच्या वारसांकडे जाणार. नऊ जण स्टॅम्पपेपर घेऊन त्याच्या मुलाच्या दाराशी उभे राहणार, आणि तो मुलगा अमेरिकेत असणार. कराचंही तसंच. दुसऱ्या वर्गातल्या एआयएफचं बहुतेक उत्पन्न थेट गुंतवणूकदाराच्या नावावर करपात्र धरलं जातं. दहा जणांचं उत्पन्न एकाच्या रिटर्नमध्ये, आणि तो जर आपल्यासारखा पेन्शनर असेल तर त्याने खुलासा काय द्यायचा?

पण आम्हाला सर्वांत धोक्याची वाटली ती तिसरी गोष्ट, आणि ती प्रस्ताव आणणाऱ्याने सांगितलीच नव्हती. एआयएफ एक कोटी एकदम घेत नाही. तुम्ही एक कोटी देण्याचं कबूल करता, आणि व्यवस्थापक लागेल तसा हप्ता मागतो. आज वीस, आठ महिन्यांनी पंचवीस, असं तीन-चार वर्षं. मागणी आली की थोड्या दिवसांत भरायचं. नाही भरलं तर करारात दंडाची कलमं असतात, व्याजापासून ते आधी भरलेल्या पैशावरचा हक्क कमी होण्यापर्यंत. आता दहा माणसांचं बघा. दोन वर्षांनी तिसरा हप्ता आला तेव्हा एकाच्या मुलीचं लग्न निघालंय, दुसऱ्याची बायपास झालीय, तिसरा प्रस्ताव आणणाऱ्याशी भांडून बसलाय. सात जणांनी भरलं, तिघांनी नाही. फंडाला त्याचं काय? त्याच्या लेखी एका माणसाने पूर्ण हप्ता भरला नाही. दंड दहाही जणांना.

भिशीत दहा जण असतात, तेव्हा प्रत्येकाचं घर आपल्याला माहीत असतं आणि दहा महिन्यांत खेळ संपतो. चिट फंडाला निदान १९८२ चा कायदा आहे, निबंधक आहे, फोरमनची अनामत आहे. इथे दहा वर्षांची भिशी, निबंधक नाही, आणि फोरमन आपल्यापैकीच एक भला माणूस, ज्याला स्वतःलाही काय उचललंय हे माहीत नाही.

आम्ही सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, "म्हणजे मी नाही म्हणू?" आम्ही म्हणालो, साहेब, आधी तीन कागद मागा. सेबीचा नोंदणी क्रमांक, तो सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत आपण स्वतः शोधू, दाखवलेल्या फोटोवर जायचं नाही. दुसरा, फंडाचं माहितीपत्रक, ज्याला प्रायव्हेट प्लेसमेंट मेमोरँडम म्हणतात. त्यातलं फीचं पान आणि हप्ता चुकल्याचं पान. तिसरा, फंडाचं लेखी पत्र, की अशा दहा जणांच्या पैशाला आमची हरकत नाही. पहिले दोन कागद आठवड्यात आले. फंड खरा होता, नोंदलेला होता, व्यवस्थापकही नावाजलेला निघाला. तिसरा कागद आजतागायत आलेला नाही, आणि सहकाऱ्यांचे दहा लाख ज्येष्ठ नागरिकांच्या बचत योजनेत गेले.

तुमच्यापैकी कोणाकडे असा प्रस्ताव आला असेल तर कागद घेऊन या. रविवारी सकाळी आम्ही मंडळाच्या ग्रंथालयात असतोच, शेजारी बसून फीचं पान वाचू. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसले आहेत, आधी त्यांचा घेऊ.